चेटकिणीच्या गोष्टीत खलनायिकाही बाईच का लागते?

शेवंती

आमच्या वाचनगटात यावेळी आर्थर मिलरचं 'द क्रूसिबल' होतं. १९५३ चं नाटक, विषय १६९२ सालचे मॅसॅच्युसेट्समधल्या सेलमचे चेटूक-खटले. नाटक म्हणून जबरदस्त आहे, एका बैठकीत वाचलं. ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी: अ‍ॅबिगेल विल्यम्स नावाची सतरा वर्षांची मुलगी जॉन प्रॉक्टर या शेतकऱ्याकडे कामाला असते. दोघांचं जमतं, बायकोला कळतं, ती अ‍ॅबिगेलला घराबाहेर काढते. मग ही पोरगी त्या बायकोचा काटा काढायला चेटकाचं खूळ पेटवते आणि गावच्या गाव त्यात होरपळतं. शेवटी प्रॉक्टर आपला खोटा कबुलीजबाब फाडून टाकतो आणि फासावर जातो.

मग खरं काय झालं ते शोधलं आणि चक्रावलेच. खरी अ‍ॅबिगेल अकरा-बारा वर्षांची होती. प्रॉक्टर साठीचा. ती त्याच्या घरी कामाला असल्याचा कागद नाही, मग पुढचं तर सोडाच. वय वाढवल्याचं मिलरने नाटकाच्या सुरुवातीच्या टिपेत स्वतःच सांगितलंय, लपवाछपवी काही नाही.

फासावर गेली १९ माणसं, त्यातल्या १४ बायका. नाटक संपल्यावर मात्र डोक्यात राहतात दोघंच: एक ताठ कण्याचा पुरुष आणि एक वखवखलेली पोरगी. माझा प्रश्न असा की बायकांच्या छळाबद्दल लिहायला बसलं तरी त्या छळाचं मूळ म्हणून लेखकाला पुन्हा बाईच का सापडते? याहून वेगळं कुणी लिहिलंय का?

खडूस_नागपुरी

शंभरी गाठणार हा धागा. तर्री-पोहे घेऊन पहिल्या रांगेत बसलो आहे.

अनंतफंदी

शेवंती, तुम्ही नाटकाला इतिहासाच्या परीक्षेला बसवताय. मिलरला सेलमशी कर्तव्य नव्हतं, त्याला सिनेटर मॅकार्थीच्या काळातल्या, जिथे तिथे कम्युनिस्ट हुडकणाऱ्या अमेरिकेबद्दल बोलायचं होतं. पुढे १९५६ मध्ये त्यालाच संसदेच्या समितीपुढे उभं केलं, त्याने दुसऱ्यांची नावं सांगायला नकार दिला, १९५७ ला अवमानाबद्दल दोषी ठरला आणि १९५८ ला वरच्या कोर्टात सुटला. म्हणजे नाटकात लिहिलं तसं गडी वागला.

राहिलं प्रेमप्रकरण. रंगभूमीवर माणसाला काहीतरी खासगी अपराध लागतो, त्याशिवाय शेवटच्या अंकात त्याला झगडायला काय उरणार? मतलबी हिशेब आणि शेताच्या बांधावरची भांडणं दाखवत बसलं तर मध्यंतरातच लोक घरी जातील.

शेवंती

रूपक आहे हे मान्य. पण मग रूपक तरी नीट लागू करून बघा. त्या समितीसमोर जाऊन सहकाऱ्यांची नावं कुणी सांगितली? १९५२ मध्ये दिग्दर्शक एलिया कझानने सांगितली. त्यामागे कुणाचा प्रेमभंग नव्हता. काम जाईल, कारकीर्द बुडेल ही भीती होती. ती भीती मिलरने डोळ्यांनी पाहिली होती. सेलमला नेताना तिच्या जागी मुलीची वासना कशी काय आली?

मिसळसम्राट

अवांतर: आपल्या पिढीची चेटकीण म्हणजे 'अलबत्या गलबत्या'मधली चिंची. मतकरींचं नाटक. दिलीप प्रभावळकरांची चिंची आईबाबांच्या तोंडून ऐकली आणि वैभव मांगलेंची पोराला दाखवायला नेली. पोरगं घाबरायच्या ऐवजी खुर्चीवर उभं राहून टाळ्या वाजवत होतं. तिला कुणी जाळावं असं एकाही मुलाला वाटत नाही, हे आपल्या बालनाट्याचं यश म्हणायचं.

गोमूची_नणंद

@मिसळसम्राट, चिंचीला बघून आमच्याकडे रडारड झाली होती. दहाव्या मिनिटाला बाहेर, आणि वडापाव घेऊन गप्प करावं लागलं. सब घोडे बारा टके नसतात.

बॉस्टनकर

सेलमपासून अर्ध्या तासावर राहतो. कुणी पाहुणे आले की तिकडे न्यावंच लागतं, म्हणून दोन शब्द.

ऑक्टोबरमध्ये जाऊ नका. गाडी लावायला जागा नसते आणि रस्ताभर टोकदार काळ्या टोप्या. तिथल्या पोलिसांच्या बिल्ल्यावर झाडूवर बसलेली चेटकीण आहे, शाळेच्या संघाचं नावही तेच. चौकात टीव्हीमालिकेतल्या गोड चेटकिणीचा पुतळा आहे, २००५ साली बसवलेला. खरं स्मारक जुन्या दफनभूमीला लागून आहे, १९९२ चं. दगडी भिंतीतून बाहेर आलेली वीस बाकं, प्रत्येकावर एक नाव, तारीख आणि कसं मारलं ते. एकोणीस फाशीची. विसावं जाइल्स कोरीचं, तो ऐंशीच्या घरातला म्हातारा. आरोपाला उत्तरच देईना म्हणून अंगावर दगड रचून त्याला चेंगरून मारलं. लोक त्या बाकांवर बसून आइस्क्रीम खातात. फाशीची नेमकी जागा २०१६ मध्ये नक्की झाली, ती औषधाच्या एका दुकानामागच्या उतारावर आहे.

आता मूळ मुद्द्याकडे. शेवंतीताई, मला त्या नाटकापेक्षा जास्त खटकलेली गोष्ट सांगतो. सारा गुड नावाची एक भिकारी बाई होती. पहिल्या तीन आरोपींपैकी एक. दारोदार मागायची, कुणी नाही म्हटलं की पुटपुटत निघून जायची, आणि ते पुटपुटणंच शाप म्हणून तिच्या गळ्यात अडकवलं. १९ जुलै १६९२ ला फाशीच्या वेळी पाद्री नोयस तिला म्हणाला, तू चेटकीण आहेस, कबूल कर. ती म्हणाली, तू जितका जादूगार तितकीच मी चेटकीण. माझा जीव घेतलास तर देव तुला रक्त प्यायला लावील.

दीडशे वर्षांनी नॅथॅनिएल हॉथॉर्नने 'द हाउस ऑफ द सेव्हन गेबल्स' ही कादंबरी लिहिली, १८५१ मध्ये. रक्त प्यायला लावण्याचा तो शाप त्यात आहे, अख्ख्या कादंबरीचा तो कणा आहे. पण तो कुणाच्या तोंडी? मॅथ्यू मॉल नावाच्या पुरुषाच्या. सारा गुडचं आख्ख्या आयुष्यातलं सगळ्यात धारदार वाक्य, तेही उचलून बाप्याला दिलं. आणि हॉथॉर्न म्हणजे ज्या जॉन हॅथॉर्नने साराची उलटतपासणी घेतली त्याचा खापरपणतू. खापरपणजोबांनी जीव घेतला, पणतूने संवाद.

खडूस_नागपुरी

शेवटच्या वाक्याला दंडवत. तुमच्याकडे आलो तर मला न्या, ऑक्टोबर सोडून.

अनंतफंदी

@बॉस्टनकर, माहिती उत्तम, पण हॉथॉर्नवर अन्याय होतोय. त्या कादंबरीत मॉलला का अडकवलं जातं? कर्नल पिंचनचा त्याच्या जमिनीवर डोळा असतो म्हणून. म्हणजे शेवंतींना हवं असलेलं रूक्ष, मतलबी कारण त्याने नेमकं पकडलंय. बाई काढून जमीन ठेवली, मिलरने जमीन मागे सारून बाई पुढे आणली. दोन्ही एकदम जमलेला लेखक सांगा.

रणरागिणी७२

युरोपात ९० लाख बायका जिवंत जाळल्या. सगळ्या वैदू, सुइणी, जाणत्या बायका. चर्चला त्यांचं ज्ञान संपवायचं होतं. एवढ्या मोठ्या नरसंहारावर आपण नाटकातल्या वयांचा काथ्याकूट करतोय.

दप्तरदार

@रणरागिणी, ९० लाख हा आकडा अठराव्या शतकातल्या एका जर्मन गृहस्थाने एका गावच्या थोड्या नोंदी घेऊन त्रैराशिक मांडून काढला आणि तो आजतागायत फिरतोय. आज अभ्यासक साधारण १४५० ते १७५० या काळासाठी ४० ते ६० हजार मृत्युदंड धरतात. त्यात पाऊण हिस्सा बायका. आइसलंडमध्ये उलट, तिथे बहुतेक पुरुष. सेलममध्ये एकालाही जाळलं नाही, इंग्लंडच्या कायद्यात चेटकाला फाशी होती. स्कॉटलंडमध्ये आधी गळा आवळून मग जाळत.

सुइणींचंही तसंच. काही होत्या, पण खटल्यांच्या कागदांत त्यांचा भरणा दिसत नाही. उलट आरोपी बाईची अंगतपासणी करायला कोर्ट सुइणींनाच बोलवायचं. आरोपी म्हणून दिसतात त्या शेजारणी. उसनं दूध, मेलेली गाय, फाटक्या तोंडाची म्हातारी. ५० हजार हा आकडा लहान वाटत असेल तर काय बोलणार?

रणरागिणी७२

तुमचे अभ्यासकही त्याच व्यवस्थेतले. पण चालू द्या.

घाटावरचा_भट

दप्तरदारांनी बायका-पुरुषांचा विषय काढलाच आहे तर विचारतो. सेलममध्ये बोट दाखवणाऱ्या कोण होत्या? पोरी आणि बायकाच ना? मग मिलरने खलनायिका दाखवली तर चुकलं कुठे? प्रत्येक गोष्टीत पुरुषसत्ता शोधायची फॅशन आहे हल्ली.

दप्तरदार

@भट, बोट दाखवलं पोरींनी. तक्रारीवर सही कुणाची? २९ फेब्रुवारी १६९२ ला पहिली तक्रार दाखल केली ती चार पुरुषांनी, त्यात थॉमस पुटनम आणि त्याचा भाऊ. न्यायाधीश पुरुष, ज्यूरी पुरुष. नऊ आणि अकरा वर्षांच्या मुलींना झटके येतात ही घरातली गोष्ट. तिचं वॉरंट करायला मोठी माणसं लागतात. 'माझ्या स्वप्नात तिचं भूत आलं आणि मला चिमटे काढले' हा पुरावा म्हणून चालेल असं ठरवलं ते कोर्टाने. ऑक्टोबरमध्ये गव्हर्नर फिप्सने ते कोर्टच बंद केलं आणि पुढच्या कोर्टात असला पुरावा बाद धरल्यावर खटले धडाधड कोसळले. पोरी त्याच होत्या.

अजून एक. आरोप करणाऱ्या पोरींपैकी एक, थॉमस पुटनमची मुलगी अ‍ॅन, हिने १७०६ मध्ये भर चर्चमध्ये माफी मागितली. न्यायाधीशांपैकी सॅम्युएल सूअलने १६९७ मध्ये मागितली. मुख्य न्यायाधीश स्टॉटनने मरेपर्यंत नाही. आणि नाटकं लिहिली जातात पोरींवर.

घाटावरचा_भट

सहीचा मुद्दा पटला. फॅशनचा मुद्दा कायम.

म्हापसेकार

कुणीतरी गोव्याच्या इन्क्विझिशनवर, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयावर, येणार याची वाट बघत होतो, कोणी आलं नाही, म्हणून मीच येतो. १५६० ला सुरू झालं ते मुख्यतः बाटलेल्या लोकांनी चोरून जुने आचार पाळू नयेत म्हणून. चेटकिणी पकडणं हा त्याचा धंदा नव्हता. दोन्ही विषयांची खिचडी करू नये.

आणि गंमत ऐका. स्पेनच्या इन्क्विझिशनने बास्क प्रांतातल्या चेटकिणींसाठी १६१० ला लोग्रोन्योमध्ये माणसं जाळली, पण त्यातलाच एक न्यायाधीश, सालाझार नावाचा, नंतर गावोगाव फिरून शेकडो जबान्या घेऊन आला. त्याचा निष्कर्ष: लोक चेटकाबद्दल बोलायला आणि लिहायला लागले तोवर तिथे ना चेटकीण होती ना झपाटलेलं कुणी. १६१४ पासून तिथे पुराव्याचे नियम इतके कडक झाले की असल्या फाशा जवळपास थांबल्या. त्यामुळे कादंबऱ्यांतला ठरलेला काळ्या झग्यातला चर्चवाला जरा जपून वाचा. बहुतेक ठिकाणी मारलं ते गावच्या कोर्टांनी, शेजाऱ्यांच्या आग्रहावरून.

तारांगण

'लोक लिहायला लागले तोवर' यावरून केपलर आठवला. ग्रहांच्या नियमांचा योहानेस केपलर, तोच. त्याची आई काटारीना, जर्मनीतल्या लिओनबर्गची. १६१५ मध्ये शेजारच्या काचवाल्याच्या बायकोने आरोप केला की हिने मला कडू काढा पाजला आणि तेव्हापासून मी आजारी. मग एकेकाला आठवायला लागलं: कुणाची मांडी दुखली, कुणाचं वासरू मेलं. १६२० ला म्हातारीला अटक, वय सत्तरीच्या पुढे. चौदा महिने साखळीत. केपलर कामधाम सोडून गेला आणि आईचा बचाव त्याने स्वतः मुद्देसूद लिहून काढला. प्रत्येक आरोपासमोर साधं कारण, प्रत्येक साक्षीदाराच्या तारखा तपासलेल्या. शेवटी तिला यातनेची हत्यारं दाखवून घाबरवलं, तरी ती बधली नाही. १६२१ मध्ये सुटली, पुढच्या वर्षी गेली.

आता कथेचा संबंध. त्याच्या आधी, १६०९ च्या सुमारास, केपलरने एक कल्पित कथा लिहिली होती, 'सोम्नियम'. चंद्रावरून आकाश कसं दिसेल हे सांगणारी. त्यात निवेदकाची आई औषधी मुळ्या विकते आणि तिची एका पिशाच्चाशी ओळख असते. हस्तलिखित हातोहात फिरलं. पुढे केपलरनेच टिपांमध्ये लिहिलं की या गोष्टीने आईच्या संकटाला हातभार लागला असावा. इतिहासकार याला फार वजन देत नाहीत, कारण लिओनबर्गची भांडणं स्वतःच पुरेशी होती. पण पोराच्या मनात ते राहिलं. पुस्तक छापलं गेलं १६३४ ला, तो गेल्यावर.

मिसळसम्राट

बारावीला केपलरचे तीन नियम घोकले, हे एका ओळीत जरी सांगितलं असतं तर मार्क जास्त पडले असते.

सातपुड्यातला_मास्तर

वाचत होतो, लिहू की नको असं चाललं होतं. तुम्ही १६९२ बोलताय. मी नंदुरबार जिल्ह्यात डोंगरात नोकरी केली, तिथे हा विषय कालचा-परवाचा आहे. डाकीण म्हणतात. गावाचं नाव देत नाही.

एक विधवा बाई होती. नवऱ्यामागे नाल्याकाठचा जमिनीचा पट्टा तिच्याकडे, मूल नाही. दिराचा मुलगा तापाने गेला. भगताने सुपात दाणे टाकून नाव काढलं, तिचं निघालं. कुणाला नवल वाटलं नाही, कारण नाव आधीच सगळ्यांच्या तोंडात होतं. त्यानंतर ती पाण्याला आली की बाकीच्या बायका हंडे अर्धे भरलेले उचलून निघायच्या. शाळेत पोरं वर्गाच्या खिडकीतून ती दिसली की डोळ्यांवर पाटी धरायची. मारहाण झाली, ती माहेरी गेली, पट्टा दिराने नांगरला. पोलिसांत जा म्हणून मी सांगितलं, ती म्हणाली, गुरुजी, मग मला रात्री झोपायला तुम्ही जागा देणार का? मी भाड्याच्या खोलीत राहत होतो.

आता कायदा आहे. डॉ. दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला खून झाला, त्यानंतर वटहुकूम आणि डिसेंबरमध्ये जादूटोणाविरोधी कायदा आला. सहा महिने ते सात वर्षं शिक्षा, दंड पाच ते पन्नास हजार, आणि त्यासाठी नेमलेला दक्षता अधिकारी. कागदावर चांगला आहे. तक्रार द्यायला कुणीतरी गावात उरावं लागतं.

आणि एक सांगतो. ती बाई गोड नव्हती. तोंडाने फटकळ, शेजारच्यांच्या कोंबड्यांना दगड मारायची, माझ्याशीसुद्धा भांडली होती. कथा-सिनेमातल्या पीडित बायका नेहमी मोठ्या डोळ्यांच्या आणि सोशिक कशा असतात मला कळत नाही.

गोमूची_नणंद

गुरुजी, शेवटचा परिच्छेद पुन्हा पुन्हा वाचला.

ओवी_दळण

मास्तरांच्या प्रतिसादानंतर महाश्वेतादेवींची 'बायेन' आठवली नसती तरच नवल. चंडीदासी ही डोम जातीची, पिढीजात काम मेलेली मुलं पुरण्याचं. स्वतःला मूल झाल्यावर तिचा जीव त्या कामात लागेना. लोकांनी तिला बायेन ठरवलं, म्हणजे साधी डायनही नाही; तिला मारायचं नाही, गावाबाहेर ठेवायचं, तिची नजर टाळायची. आणि ती बायेन असल्याची दवंडी पिटणारा तिचा स्वतःचा नवरा, मालिंदर. मुलाला आपली आई कोण हेच बरीच वर्षं माहीत नसतं.

शेवंती, इथे खलनायिका नाही. खलनायक असा धड कुणीच नाही, सगळं गावच. पण मास्तर म्हणतात ते इथेही लागू होतं. शेवटी ती रुळांवर धावत जाऊन दरोडेखोरांच्या डावातून रेल्वे वाचवते आणि मरते, तेव्हा सरकार तिला पदक देतं आणि मुलगा सगळ्यांसमोर माझी आई म्हणतो. मला ही कथा अतिशय आवडते आणि दर वेळी हाच शेवट बोचतो. गाडी वाचवली नसती तर ती बायेनच राहिली असती.

अनंतफंदी

@ओवी, तो दोष नाही, तीच तर कथेची मेख आहे. पदक देणाऱ्यांवर ती बोट ठेवते.

ओवी_दळण

असेल. पण वर्गात शिकवताना मुलं हमखास 'किती धाडसी आई' एवढंच लिहून देतात.

बॉस्टनकर

मास्तर, तुमच्या फटकळ बाईवरून पुन्हा सारा गुड. तिच्या नवऱ्याची साक्ष नोंदवलेली आहे. विल्यम गुड कोर्टात म्हणाला, ही एकतर चेटकीण आहे, नाहीतर लवकरच होईल अशी मला भीती वाटते. न्यायाधीशाने विचारलं, तसं काही पाहिलंस का? नाही म्हणाला, पण माझ्याशी वाईट वागते. एवढ्यावर! त्यांची चार वर्षांची मुलगी डॉरथी, तिलाही बेड्या घालून महिनोन् महिने तुरुंगात ठेवलं. तान्हं मूल तुरुंगातच गेलं. पुढे १७१० मध्ये याच विल्यमने नुकसानभरपाईचा अर्ज केला: बायको गेली, मूल गेलं आणि या मुलीचं डोकं त्या तुरुंगाने कायमचं बिघडलं. पैसे मिळालेही.

अनंतफंदी, दोन्ही एकदम जमलेला लेखक मागत होतात ना? हा कागद बघा. रूक्ष कारण, घरगुती कारण, सगळं एका कुटुंबात आहे. आणि लेखकाने कुणाला सतरा वर्षांची करायची गरज नाही.

अनंतफंदी

हे रंगमंचावर येऊ शकतं, एवढं मान्य करतो. मध्यंतरात लोक घरी जाणार नाहीत.

शेवंती

सगळ्यांचे आभार, विशेषतः मास्तरांचे. मला माझ्या प्रश्नाचं थोडं उत्तर मिळालं. खलनायिका आणली की प्रेक्षकाला गावात सामील व्हावं लागत नाही. अ‍ॅबिगेल वाईट, बाकीचे फसले. 'बायेन' वाचताना ती सोय नाही, आणि मास्तरांच्या गोष्टीत तर मीही हंडा अर्धा उचलून निघाले असते की काय असं वाटून गेलं.

पुढच्या बैठकीला आम्ही सारा गुडच्या तपासणीचं मराठी करून नाट्यवाचन करायचं म्हणतोय. हॅथॉर्न विचारतो, कुठल्या दुष्ट आत्म्याशी तुझी ओळख आहे? ती म्हणते, कुणाशीच नाही. या मुलांना का छळतेस? मी नाही छळत, असलं काम मी करत नाही. सगळं प्रश्नोत्तरात लिहिलेलं आहे. मूळ कागद कुठे मिळतील?

दप्तरदार

व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट आहेत, अक्षर लावून टंकलेले. स्पेलिंग बघून दचकू नका, मोठ्याने वाचलं की समजतं. भाषांतराला हात लावतो.

खडूस_नागपुरी

हॅथॉर्न मी करतो. नावातच पात्रता आहे.

गोमूची_नणंद

सारा मी. पुटपुटण्याचा घरी भरपूर सराव आहे.

शेवंती

झकास. विल्यम गुड कोण करणार? गटात नऊ पुरुष आहेत आणि सकाळपासून एकाचाही हात वर आलेला नाही.

घाटावरचा_भट

द्या इकडे. पण भरपाईच्या अर्जापर्यंतचं वाचन ठेवा, साक्षीवर तोडू नका.